आवडाबाईचे उपास

ज्या बाईनं आयुष्यात कधी उपासाचं दळण आणलं नाही, ती आठवड्यातले पाच वार उपास करते, असं उस्मानपुऱ्यातल्या एका घरात सगळे मानत होते. मला कोणी विचारलं असतं तर मी एका वाक्यात खरं काय ते सांगितलं असतं. पण गिरणीवालीला कोण विचारतं?

आमची पिठाची गिरणी हर्सूलला, जेलकडं जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या गल्लीत. कागदावर ती माझ्या नवऱ्याची, कमरोद्दीनची. पण त्याला दमा आहे, पिठात उभं राहवत नाही, म्हणून चालवते मी. माझं नाव सगीरा. गल्लीतल्या बायका तोंडावर मला भाभी म्हणतात आणि पाठीमागं तोंडाळ म्हणतात, दोन्ही मला माहीत आहे. एकादशीच्या आधी मी गिरणी झाडून-पुसून घेते आणि भगर, राजगिरा, शिंगाडा असलंच दळते. त्या दिवशी गल्लीतल्या बायकांची डबे घेऊन रांग लागते. आवडाबाई त्या रांगेत कधी दिसली नाही. तिचं दळण एकच, ज्वारी.

आवडाबाई गंगापूरकडच्या खेड्यातली. घरचं रान आहे, ऊस होतो, कापूस होतो. नवरा वारल्यावर रान मुलगा गोकुळ बघायला लागला आणि चूल सुनेच्या हातात गेली. सून वाईट नाही, हे आवडाबाई स्वतःच सांगते. पण आपल्याच घरात भाकरी मागताना आवाज बारीक व्हायला लागला, तो तिला सोसेना. म्हणून ती शहरात आली, आमच्या मागची खोली भाड्यानं घेतली आणि लेकरं सांभाळायच्या कामाला लागली. पन्नाशी उलटलेली, अंगानं आडवी, गुडघे धरलेले, बोलणं मोजकं. रडकं पोर तिच्या मांडीवर दिलं की गप्प होतं, हे मी माझ्या नातवंडांवर पाहिलेलं आहे.

उस्मानपुऱ्याच्या घरात तनुजा आणि प्रणय हे नवरा-बायको, दोघंही नोकरीवाले. ती बँकेत, तो वाळूजला कंपनीत. प्रणयची आई लक्ष्मीबाई, त्यांना सगळे माई म्हणतात. आणि एक लेक, इरू. आवडाबाई कामाला लागली तेव्हा इरू नुकती भिंतीला धरून चालत होती. सकाळी दोन रिक्षा बदलून आवडाबाई जायची, संध्याकाळी तशीच यायची. मधला सगळा दिवस इरू तिच्याच अंगावर.

काम ठरताना तनुजानं मोठ्या मनानं सांगितलं होतं की मावशी, डबा आणू नका, दुपारचं जेवण आमच्याकडंच करा. ऐकायला किती छान वाटतं. खरी गोष्ट अशी होती की आधीच्या बाईनं एकदा डब्यात सुकट आणली होती आणि त्या वासानं माईंनी दोन दिवस देवघर धुतलं होतं. तेव्हापासून बाहेरचं शिजलेलं अन्न त्या घरात येत नव्हतं. म्हणजे आवडाबाईनं जेवायचं ते त्यांच्या घरचंच, आणि त्यांच्या घरचं म्हणजे फ्रिजमधलं.

मी उगाच आळ घेत नाही. तनुजा कंजूष नव्हती. साडी द्यायची, दिवाळीला फराळ बांधून द्यायची, आवडाबाईला ताप आला तर गोळ्या आणून द्यायची. पण ती पैठणकडच्या शेतकऱ्याची लेक. अन्न टाकणं तिच्या जिवावर यायचं. रात्रीची भाजी उरली, पोळ्या उरल्या, की ती नीट डब्यात भरून ठेवायची. दुसऱ्या दिवशी तो डबा कोणी खायचा? प्रणय शिळं खात नाही. माईंना पित्त होतं. तनुजा बँकेत जाते. राहिली कोण?

आता शिळ्याचं काय एवढं, असं कोणी म्हणेल. आम्हीही शिळी भाकरी खातो. रात्रीच्या भाकरीचे सकाळी कुटके करून फोडणी दिली की माझा कमरोद्दीन दोन वाट्या मागतो. आवडाबाईही खाते. पण ते आपल्या हातचं, आपल्या घरचं, आणि घरातले सगळेच खातात. तिथं गोष्ट निराळी होती. इरूसाठी कुकर लावायचा आवडाबाईनं. शिट्टी झाली की वाफेचा भात वाटीत घ्यायचा, वर वरण, वर तूप, बोटांनी मऊ कालवायचं, चटका बसेल म्हणून फुंकर घालायची, एकेक घास चिऊ-काऊ करत भरवायचा. तो सगळा वास नाकात घेऊन झाल्यावर मग फ्रिज उघडून कालची गवार काढायची.

तिच्या सासरी उलटी रीत होती. रानात खुरपायला, ऊस तोडायला माणसं असली की पहिली गरम भाकरी त्यांच्या पुढ्यात जायची. घरच्या बायका मागून बसायच्या, उरलंसुरलं खायच्या. आवडाबाईनं पंचवीस-तीस वर्षं अशा भाकरी थापल्या. माणूस आपल्या दारात राबतो तर त्याला ताजं द्यायचं, यात तिला काही मोठेपणा वाटत नव्हता, ती साधी रीत होती. आणि आता ती स्वतः दुसऱ्याच्या दारात राबत होती.

तरी वर्षभर तिनं ते मुकाट खाल्लं. मग एका उन्हाळ्यात, दुपारी डबा उघडला तर भाजीला तार सुटलेली. माई समोरच बसल्या होत्या. खराब झाली म्हणावं तर तनुजावर ठपका, खावी तर पोट बिघडणार. आवडाबाईच्या तोंडून निघून गेलं की आज सोमवार, माझा उपास आहे, मघाशी ध्यानात राहिलं नाही.

माईंचा चेहरा उजळला. त्यांचाही सोमवार होता. घरात त्या एकट्याच उपास करायच्या, सून करत नाही याचं त्यांना दुःख होतं. त्या म्हणाल्या की उपवासाच्या माणसाला शिळं कसं चालेल, आणि स्वतः उठून साबुदाण्याची खिचडी टाकली. गरम खिचडी, वर ओलं खोबरं, बाजूला दह्याची वाटी. दोघी समोरासमोर बसून जेवल्या. माईंनी आग्रह करून दुसऱ्यांदा वाढलं.

त्या संध्याकाळी आवडाबाई गिरणीत आली ती हसतच. मला सगळं सांगितलं. मीही गिरणीच्या पट्ट्याच्या आवाजात खो-खो हसले. जेवायला वाढत नाहीत म्हणून उपास करायचा आणि उपास केला की जेवायला मिळतं, असला न्याय मी जन्मात ऐकला नव्हता. मी म्हटलं, आवडाबाई, तुमचा देव लई हुशार आहे.

पुढं तिनं गुरुवार धरला. मग शनिवार. संकष्टी आणि एकादशी होत्याच. हळूहळू मंगळवारही आला, शुक्रवारही आला. रविवारी तिला सुट्टी. राहिला बुधवार. बुधवारला कुठला देव लावावा हे तिला सुचेना, म्हणून बुधवारी तेवढी ती फ्रिजमधलं खायची. मी तिला म्हणायचे की एखादा पीर लावून देऊ का बुधवारला, तर ती मला कोपरानं ढोसायची.

पण मस्करीची कुस्करी व्हायला वेळ लागत नाही. माई उपास करायच्या ते सोमवार, संकष्टी आणि एकादशी एवढेच. त्या दिवशी खिचडी व्हायची. बाकीच्या वारी एकट्या बाईसाठी कोण साबुदाणा भिजवणार? तनुजा टेबलावर दोन केळी आणि कपभर दूध ठेवून जायची. उपासाला फार काही लागत नाही, असं तिचं म्हणणं. कधी खजूर, कधी उकडलेलं रताळं. आणि वर कौतुक. माई भजनी मंडळात सांगायच्या की आमच्या आवडाबाईंसारखी निष्ठा आजकाल पाहायला मिळत नाही. मंडळातल्या बायका घरी आल्या की तिच्याकडं वळून बघायच्या. एकीनं विचारलं, नवस आहे का? आवडाबाई म्हणाली, हो. कसला, ते तिला सांगता आलं नाही, तर त्या बाईला वाटलं, नवस बोलून दाखवायचा नसतो म्हणून गप्प आहे. आणखीनच मान वाढला.

आमच्याकडं रोजे असतात. दिवसभर थेंब पाणी नाही, पण मगरिबची अजान झाली की खजूर तोंडात पडतो, आणि मनात असतं की आपण हे अल्लासाठी केलं. त्या भुकेला एक आधार असतो. आवडाबाईच्या भुकेला आधारच नव्हता. तिच्या देवालाही माहीत होतं की हे त्याच्यासाठी चाललेलं नाही. संध्याकाळी गिरणीसमोर येऊन ती पायरीवर बसायची तेव्हा तिचे हात थरथरायचे. मी तव्यावरची भाकरी आणि ठेचा पुढं करायचे. माझ्या घरचं तिला चालतं का, हे मी कधी विचारलं नाही आणि तिनंही कधी सांगितलं नाही. खायची आणि तशीच भिंतीला टेकून डोळे मिटायची.

दिवाळीनंतर तिला भोवळ यायला लागली. सरकारी दवाखान्यात नेलं तर साखर निघाली, तीही भरपूर. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, दुपारी काय खाता? आवडाबाईनं खरं सांगितलं. केळी, साबुदाणा, रताळं, खजूर. त्या बाई कपाळाला हात लावून बसल्या. म्हणाल्या, हे सगळं आजपासून बंद. वेळेवर भाकरी-भाजी खा, डाळ खा, उपास तर अजिबात करायचे नाहीत, नाहीतर पायाला जखम झाली तर भरणार नाही, डोळे जातील. मी शेजारीच उभी होते.

बाहेर आल्यावर मी तिला झाडलं. म्हटलं, आता तरी सांगा त्यांना, नाहीतर मी येते आणि सांगते. मला त्या घरचा राग होता आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त आवडाबाईचा होता. असलं कसलं हे भिडस्तपण, की जीव जायची वेळ आली तरी तोंड उघडत नाही? ती रिक्षात बसली. मग म्हणाली, "भाभी, कोणत्या तोंडानं सांगू? देवाच्या नावानं खोटं बोलले म्हणतील. आन् दुसरं काय सांगू, मला तुमच्यातलं ताजं वाढा म्हणू? ते मागून घ्यायचं असतं व्हय?"

ते मागून घ्यायचं नसतं हे मलाही कळतं. म्हणून मीही तो विषय सोडला. डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या तिनं सुरू केल्या. दुपारी मात्र तेच चाललं होतं. गोळ्या घेऊन केळी खायची, किंवा केळी पिशवीत टाकून नुसतं दूध प्यायची. दोन्हीकडून मरण. मधेच घाम सुटायचा, मग ती इरूला कडेवर घ्यायला भ्यायची. पोर हातातून पडलं तर काय, ही तिची सगळ्यात मोठी भीती होती.

त्यातच इरूनं उपास धरला.

इरू तोपर्यंत सव्वातीन वर्षांची झाली होती. एका दुपारी आवडाबाईनं घास पुढं केला तर तिनं तोंड फिरवलं आणि म्हणाली, माझा उपाश आहे. माई हसून हसून बेजार. संध्याकाळी प्रणयनं तिच्याकडून ते पुन्हा म्हणवून घेतलं, मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा उपाश. तिसऱ्या दिवशीही. आता कोणी हसेना. पोरगी दुपारी भाताला शिवेना, फक्त केळं आणि दूध मागायची. बळजबरीनं घास घातला की थुंकायची. पोट बिघडलं, तोंड आलं, गाल उतरले. लहान मुलांच्या डॉक्टरांनी वजन केलं आणि तनुजाला चार शब्द सुनावले.

तनुजानं सुट्टी टाकली. मोबाइलवर कार्टून लावून पाहिलं, पोळीची बाहुली करून पाहिली, रागावून पाहिलं. इरूचं एकच, आवडाआजी जेवत नाही, मी पण नाही. बरोबरच होतं तिचं. ज्या हातानं ती जेवायला शिकली तो हात भाताचा घास घेऊन स्वतःच्या तोंडाकडं जाताना तिनं कधी पाहिलाच नव्हता. बुधवारचा तो डबा आवडाबाई इरू झोपल्यावर स्वयंपाकघरात उभ्यानं खायची.

तनुजा वैतागली होती. तिनं आवडाबाईला सांगितलं की मावशी, तुमची भक्ती तुमच्यापाशी, पण लहान लेकरासमोर एवढं उपास-उपास करू नका, तिला तुम्हीच शिकवलंय हे. आवडाबाईनं खाली मान घातली. हे मला सांगताना तिचे डोळे भरले होते. स्वतःच्या साखरेबद्दल ती कधी रडली नव्हती. म्हणाली, "माझ्या खोट्यापायी लेकरू वाळलं भाभी."

त्यानंतर दोनच दिवसांनी एकादशी होती. माई देवघरात होत्या, तनुजा घरूनच बँकेचं काहीतरी काम करत होती. आवडाबाईनं नेहमीसारखा वरणभात कालवला, तूप घातलं, इरूला मांडीवर घेतलं. इरूनं ओठ घट्ट मिटले. आवडाबाईनं एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा वाटीकडं, आणि तो घास स्वतःच्या तोंडात घातला.

इरू बघतच राहिली. पुढचा घास पुढं आला तसं तिनं आपोआप तोंड उघडलं. मग एक तुला, एक मला. वाटी संपली. आवडाबाई उठली, कुकरमधून आणखी भात घेतला, वरून वरण ओतलं आणि पुन्हा फरशीवर बसली. दोन वर्षं ती त्या कुकरमध्ये भात लावत होती, त्यातला पहिला भात तिनं त्या दिवशी खाल्ला.

माई देवघरातून बाहेर आल्या तेव्हा दोघींचे हात वरणानं भरलेले होते. माई दारातच थबकल्या. म्हणाल्या, अहो आवडाबाई, आज एकादशी. भात?

आवडाबाई मला म्हणाली की त्या क्षणी मला वाटलं, सांगावं, चुकून गेला तोंडात. तेवढं म्हटलं असतं तर निभावलंही असतं. माईंनी एखादी प्रदक्षिणा सांगितली असती. पण इरू मांडीवर होती आणि जेवत होती. म्हणून तिनं हात वाटीतच ठेवून सांगितलं, "माई, माझा एकबी उपास खरा नव्हता. मला कालचं खायचं नव्हतं, म्हणून म्हणलं उपास हाय. तुमी गरम खिचडी वाढली, मंग मला ते सोडवंना."

तनुजा बाहेर आली होती. तिचा चेहरा लाल झाला. ती म्हणाली, "मावशी, मग सांगायचं ना. आम्ही काय नाही म्हणालो असतो?"

"ताजं तिथंच शिजत व्हतं ताई," आवडाबाई म्हणाली. "सांगायचं काय त्यात."

इरू तेवढी आणखी आणखी म्हणत होती.

संध्याकाळी हे सगळं ऐकून मी खूश झाले. म्हटलं, सुटलात एकदाच्या, आता काढलं कामावरून तर काढू दे. पण काढलं नाही. उलट निघताना माईंनी तिला सांगितलं होतं की उद्या द्वादशी, उद्या माझं पारणं आहे, उद्या तुम्ही माझ्याकडं जेवायचं, पहिलं ताट तुमचं. आवडाबाईला ते सांगताना हसू आवरत नव्हतं. काय काय करणार आहेत तेही माईंनी सांगितलं होतं. भरली वांगी, कारण एकदा बोलता बोलता तिनं म्हटलं होतं की मला वांगं आवडतं. मी त्या रात्री तिला भाकरी दिली तर तिनं अर्धीच खाल्ली. उद्यासाठी पोट ठेवते म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती संध्याकाळी पायरीवर येऊन बसली आणि म्हणाली, "भाभी, भाकरी हाय का?"

मला काही कळेना. मग तिनं सांगितलं. माईंनी सकाळपासून स्वतः स्वयंपाक केला. वरणभात, पोळ्या, भरली वांगी, काकडीची कोशिंबीर. पाट मांडला. ताट वाढलं. आवडाबाईला पाटावर बसवलं. आणि मग हात जोडून म्हणाल्या की तुम्ही जेवा, मी मात्र आज जेवणार नाही. माझ्या घरात एक बाई देवाच्या नावाखाली उपाशी राहिली, मला दिसलं नाही, याचं प्रायश्चित्त मला घेतलं पाहिजे. जेवढे तुमचे उपवास झाले तेवढे मी करणार.

सत्तरीची म्हातारी, आदल्या दिवशीची एकादशी, पोटात अन्नाचा कण नाही, बीपीच्या गोळ्या चालू, आणि समोर हात जोडून उभी. तिच्यासमोर कोण जेवेल? आवडाबाई ताटावरून उठली. माईंच्या पाया पडली, म्हणाली, माई, तुम्ही दोन घास खा, मग मी खाते. माई म्हणाल्या, तुम्ही जेवलात तरच मला समाधान. ही म्हणे तुम्ही आधी, त्या म्हणत तुम्ही जेवा. वांगी गार झाली. इरू शेजारी बसून आपलं आपण जेवली, हे एक बरं झालं. शेवटी माईंना चक्कर आल्यासारखं झालं, तनुजा बँकेतून धावत आली. माईंना झोपवलं, दूध पाजलं, आणि आवडाबाईला म्हणाली की मावशी, हे सगळं तुमच्यामुळं झालंय, ठाऊक आहे ना? आवडाबाई म्हणाली, ठाऊक आहे. मग तिनं ताटावर ताट झाकलं, भांडी आवरली आणि घरी आली.

मी भाकरी थापायला घेतली. माझ्या तोंडात शिव्या येत होत्या, पण कोणाला द्याव्यात ते कळेना. म्हातारी खोटी नव्हती. तनुजाही खोटी नव्हती. सगळी चांगली माणसं, आणि त्यांच्यात माझी आवडाबाई भुकेली घरी आली होती. मला इतका थकवा आला की भाकरी उलटायची राहून गेली आणि करपली. तिनं तीही खाल्ली.

माईंचं प्रायश्चित्त प्रणयनं त्याच रात्री बंद पाडलं, डॉक्टरचा धाक घालून. हे आवडाबाईनं मला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सांगितलं. इरू आता दुपारी जेवते, बरोबर बसलं की जेवते, तेही सांगितलं. ती शांत होती. हात थरथरत नव्हते. मी विचारलं, मग आज तरी जेवलात का ताजं?

"जेवले की," ती म्हणाली. "सकाळी कामाला जायच्या आधी ताईंनी फ्रिजातून डबा काढून ठेवला. काल तुमी ताटावरून उठलात, तुमच्याच वाटचं हाय म्हणल्या, माईंनी एवढं केलेलं टाकायचं कसं. वांगं व्हतं, पोळ्या व्हत्या. गरम करून घेतलं. चांगलं व्हतं."

"आणि तुम्ही खाल्लंत?"

"मंग काय करणार? इरूसमोरच बसले ताट घेऊन. आता उभ्यानं नाय खायचं, असं ठरवलंय म्या." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तिनं आपला भात खाल्ला. मंग माझ्या ताटाकडं बघून म्हणली, आजी, मला बी तुझ्यातलं दे. वांगं दे म्हणली."

"दिलंत का?"

"नाय दिलं," आवडाबाई म्हणाली. "लेकराला शिळं कसं देऊ?"